पाणी मारायला पाणी कुठून आलं

सिमेंटचं काम झालं की त्याला पाणी मारावं लागतं हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे, कारण आमचे बाबा गवंडी होते, आमच्या आळीतल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या आहेत आणि मे महिन्यात कुणाकडे स्लॅब पडला की सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला ते आम्हा भावंडांनाच पाठवायचे. विहीर दहा पावलांवर. रहाट माझ्या लहानपणीच गेला होता, मोटर आली होती, बटण दाबलं की पाणी. त्यामुळे पाणी मारायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न मला अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो पडला केनियात, किलिफी काउंटीतल्या म्हणजे जिल्ह्यातल्या एका गावात, गेल्या जानेवारीत, आणि अजून डोक्यातून गेलेला नाही म्हणून हे लिहायला बसलेय.

आमच्या वसईच्या पॅरिशमधून म्हणजे धर्मग्रामातून आम्ही अकरा जण गेलो होतो. २०२५ हे चर्चचं ज्युबिली वर्ष, म्हणजे पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष, त्यामुळे काहीतरी मोठं करायचं असं कौन्सिलमध्ये आधीच्या वर्षापासून चाललं होतं, आणि आमच्याच गावच्या एक सिस्टर कित्येक वर्षं तिकडे नर्स आहेत, त्यांच्या ओळखीने हे गाव मिळालं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. उपवासकाळात पैसे जमवायला सुरुवात केली, बायकांनी सुकेळी विकली, मुलांनी ख्रिसमसला नाताळगोठ्यांसमोर डबा ठेवला. आमचा पहिला प्लॅन असा होता की शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना गाणी शिकवायची, वह्या-दप्तरं वाटायची. तो प्लॅन सिस्टरांनी तिथल्या कॅटेकिस्टना म्हणजे धर्मशिक्षकांना सांगितला तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, अगदी दोन ओळींचा, की भिंतींना रंग नसला तरी मुलं शिकतात, आमच्या छपराला पन्हळ नाही, जमलं तर पन्हळ आणि टाकी द्या.

मला हा निरोप फार आवडला होता. आमच्या मीटिंगमध्ये मात्र थोडी शांतता पसरली, कारण रंग कुणालाही देता येतो आणि पन्हळ बसवायला येत असावं लागतं. शेवटी आमच्या पॅरिशमधला एक प्लंबर तयार झाला, स्वतःचं आठवड्याचं काम सोडून. बाकी दहा जणांत दोन शिक्षिका, एक रिटायर्ड बँकवाले काका, कॉलेजची चार मुलं, फादर, मी, आणि आमची एक मोठी मावशी, वय एकाहत्तर, लाल लुगडं नेसणारी, जिला सगळ्यांनी येऊ नको सांगितलं होतं आणि जी आली म्हणून मी देवाचे आभार मानते.

तयारीचं थोडक्यात सांगते कारण कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते, ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवायचं, परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन परवानगी काढायची असते. मुंबई ते नैरोबी सहा तास, तिथून मोंबासाला २०१७ साली सुरू झालेली नवी रेल्वे, ती त्सावोच्या जंगलातून जाते आणि खिडकीतून हत्ती दिसतात, लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती. त्या रुळांच्या शेजारून जुनी इंग्रजांची लाइन जाते, १८९६ ते १९०१ मध्ये बांधलेली, तिच्यासाठी आपल्या बाजूने तीस हजारांवर मजूर नेले होते आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. आमच्या डब्यातली एक केनियन बाई मला विचारत होती, तुमचे पूर्वज होते का त्यात. मी म्हटलं नाही, ते बहुतेक पंजाबचे होते. पण विचारलं तिने हे मनात राहिलं.

मोंबासात एक दिवस थांबलो आणि फोर्ट जीझस बघितला. वसईच्या माणसाला तिथे गेल्यावर जे वाटतं ते कसं सांगू. पोर्तुगीजांनी तो १५९३ ते १५९६ मध्ये बांधला, आपली वसई त्यांच्याकडे १५३४ च्या तहात आली होती, दोन्ही ठिकाणचा कारभार गोव्याहून चालायचा. त्यांचा किल्ला ओमानच्या अरबांनी १६९८ साली घेतला, जवळजवळ तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, आणि आपला चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, हात लावला की खरखरीत. बुरुजावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर वारा बरोबर तोंडावर येत होता, जानेवारीतल्या त्या वाऱ्याला तिथे कास्काझी म्हणतात, तो ईशान्येकडून म्हणजे आपल्या बाजूने येतो आणि ह्याच वाऱ्यावर शेकडो वर्षं गलबतं आपल्या किनाऱ्यावरून तिथे जायची आणि पावसाळी वारा सुरू झाला की परत यायची. येणारे-जाणारे काय फक्त व्यापारी नव्हते. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी कुठून आले ते आपल्याला शाळेत शिकवतात, पण ते बहुतेक कसे आले, कुणी विकले, कुणी विकत घेतले हे शिकवत नाहीत.

आणि मग सिस्टरांनी आम्हाला फ्रीअरटाऊनला नेलं. मोंबासा बेटाच्या उत्तरेला, पूल ओलांडला की. त्या चौकाला लोक केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी, आणि तिथे खरंच एक जुनी घंटा टांगलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार गुलामांची गलबतं समुद्रात पकडायचं तेव्हा सोडवलेली पुष्कळ मुलं मुंबईला आणून सोडली जायची आणि त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. शरणपूर रोड माहीत नाही असा नाशिककर नसेल, पण त्या रस्त्याचा हा इतिहास मला तरी ठाऊक नव्हता. तिथे ती मुलं लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८६४ पासून त्यातले काही जण मोंबासाजवळ रबाईला गेले आणि १८७५ च्या सुमारास सुटका झालेल्या गुलामांसाठी हे फ्रीअरटाऊन वसवलं गेलं, मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर ह्यांच्या नावाने. घंटा वाजवायची ती गुलाम पकडणारे आले तर लोकांनी सावध व्हावं म्हणून. आफ्रिकेत हिंडलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत मेले तेव्हा त्यांचा देह दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत किनाऱ्यावर ज्यांनी आणला त्यांच्यात जेकब वेनराइट होता, तो नाशिकचाच विद्यार्थी, १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेत त्यांना पुरलं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता.

मी त्या घंटेखाली बराच वेळ उभी राहिले. आपल्या महाराष्ट्रातून ह्या किनाऱ्यावर चर्चच्या कामासाठी आलेले आम्ही पहिले नाही, दीडशे वर्षांपूर्वी नाशिकहून लोक आले होते, फक्त ते इथलेच होते आणि राहायला आले होते. आमच्या खिशात चौदा दिवसांनंतरचं रिटर्न तिकीट होतं. ह्या तिकिटाचं पुढे काय झालं ते सांगतेच.

गाव किनाऱ्यापासून बरंच आत. किनाऱ्यावर माड, आंबा, काजू, सगळं आपल्यासारखं, आमच्यातली एक शिक्षिका वेंगुर्ल्याची आहे ती तर काजूची झाडं बघून गाडी थांबवा म्हणाली, आणि किलिफीतला मोठा काजू कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला हे ऐकून तिचा चेहरा उतरला. पण जसजसं आत जावं तसतसे माड कमी होतात, झुडपं काटेरी होतात, माती पांढुरकी. लोक गिरिआमा, मिजिकेंडा म्हणजे नऊ वस्त्यांच्या जमातींपैकी एक. त्यांच्या जुन्या राया आहेत, काया म्हणतात, जिथे झाड तोडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. कोकणातल्या माणसाला देवराई समजावून सांगावी लागत नाही. आम्हाला काया दिसली ती लांबून, आत जाण्याआधी वडीलधाऱ्यांची परवानगी लागते आणि ती मागण्याएवढी आमची ओळख झाली नव्हती.

भाषेचं थोडं सांगते कारण तिथे आम्हाला रोज आनंद व्हायचा. दुकानाला दुका, रंगाला रांगी, विम्याला बीमा, लोणच्याला आचारी, गाडीला गारी, चपातीला चपाती. टेबलाला मेझा म्हणजे आपलं मेज, पेरूला पेरा, तो दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच ठेवलेला शब्द. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी. माठाची भाजी तिथे म्चिचा, ती नारळाच्या दुधात करतात, तुरीचे दाणेसुद्धा नारळाच्या दुधात आणि नाश्त्याला. नारळ खवायला लाकडी पाटावर बसवलेलं दातेरी पातं, त्याला म्बुझी म्हणजे बकरी म्हणतात. मावशीने ती बकरी बघितली, कुणाला न विचारता तिच्यावर बसली आणि तीन नारळ खवून दिले, त्या क्षणापासून ती त्या स्वयंपाकघरातली झाली, भाषा येवो न येवो. मुलं मोठ्या माणसाला शिकामू म्हणतात, म्हणजे पाया पडतो, आणि मोठ्याने मराहाबा म्हणून ते स्वीकारायचं. मावशीला दिवसातून शंभरदा शिकामू मिळायचं आणि ती प्रत्येक वेळी डोक्यावर हात ठेवायची.

आता पाण्याचं.

शाळेला दोन इमारती, पत्र्याचं छप्पर, प्रत्येकी साधारण एकशे नव्वद चौरस मीटर. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे पन्नास मिलिमीटरची एक सर आली तर एका छपरावरून नऊ हजार लिटरच्या वर पाणी जातं, थोडं उडून-सांडून वजा केलं तरी दहा हजारांची टाकी जवळजवळ भरते. पन्नास मिलिमीटर म्हणजे काय, जुलैत आपल्याकडे दुपारच्या झोपेत पडतो तेवढा. तिथे मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, पण २०२० च्या शेवटापासून २०२२ च्या शेवटापर्यंत त्या भागात ओळीने पाच हंगाम पाऊस फसला. पाच. आपल्याकडे एक पावसाळा पंधरा दिवस उशिरा आला तर पेपरात रोज धरणांचे आकडे येतात. त्या काळात शाळेतली मुलं कमी झाली, गुरं मेली, हे कॅटेकिस्टनी सांगितलं, आवाज न चढवता, जसं कुणी आपल्या आजारपणाचं सांगतं तसं.

पाणी मिळायचं साडेतीन किलोमीटरवरच्या नळावर, पैसे देऊन, पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमध्ये. वीस लिटर म्हणजे वीस किलो. बायका चुंबळ करून डोक्यावर आणतात, ज्यांना परवडतं ते बोडाबोडावर म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर चार-चार कॅन बांधून. त्या मोटरसायकली बघितल्या तर आपल्याच बजाज बॉक्सर.

आमचं काम असं ठरलं होतं की दोन इमारतींना पन्हळ, प्रत्येकी एक दहा हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर टाकायचा पाइप, आणि टाक्यांसाठी दोन गोल चौथरे. चौथऱ्यांचं काम तिथला गवंडी करणार, त्याला फुंडी म्हणतात, आणि आम्ही हाताखाली. फुंडी पन्नाशीचा, कमी बोलणारा, माझ्या बाबांसारखाच करणीने काठावर टकटक करत आवाज ऐकणारा. आम्हाला वेळ होता कामाचा नऊ दिवस. पहिले दोन दिवस सामान यायची वाट पाहण्यात गेले, एक दिवस अंत्यविधी होता म्हणून सगळं गाव तिकडे, आणि हे योग्यच होतं, आपल्याकडेही कुणी गेलं तर आळी बंद असते. पण आमच्यातल्या काहींची चुळबुळ सुरू झाली.

चौथऱ्याच्या आतला भराव टाकला तेव्हा फुंडी म्हणाला की ह्याला धुम्मस करून पाणी सोडून दोन-तीन दिवस बसू द्या. मला ते कळलं, मी बाबांची मुलगी आहे, मला कळायलाच हवं होतं. पण शनिवारी टाक्या वर चढवायच्या आणि रविवारी मिस्सानंतर म्हणजे चर्चच्या उपासनेनंतर फादरांच्या हस्ते आशीर्वाद आणि सोमवारी निघायचं असं ठरून गेलेलं, आणि आमच्या बँकवाल्या काकांनी फार प्रेमाने सिस्टरांमार्फत सांगितलं की जरा लवकर करूया. मी गप्प राहिले. फुंडीने आमच्याकडे एकदा बघितलं आणि कामाला लागला. पाहुण्यांना नाही म्हणायचं नाही ही रीत तिथेही आहे.

काँक्रीट बुधवारी पडलं. गुरुवारी सकाळी मी लवकर उठून शाळेकडे गेले, पाणी मारायला, कारण निदान तेवढं तरी नीट व्हावं. तर माझ्या आधीच तिथे चार बायका होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर पिवळा कॅन. त्या कॅन उतरवून तांब्याने काँक्रीटवर पाणी घालत होत्या, हळू, धार न लावता, जसं घालायला हवं तसं, आणि वर गोणपाट टाकत होत्या. मी विचारलं हे पाणी कुठलं, तेव्हा त्यातली एक हसून हाताने नळाची दिशा दाखवते आहे. साडेतीन किलोमीटर. अंधारात निघाल्या होत्या.

मग मला कळलं की काँक्रीट कालवायलासुद्धा जे पाणी शाळेमागच्या पिंपांत भरलेलं होतं ते आम्ही यायच्या आधी चार दिवस ह्याच बायकांनी भरून ठेवलेलं. सिमेंटची एक गोण कालवायला पंचवीस-एक लिटर पाणी लागतं. आम्ही दगडी बांधकाम, गिलावा सगळं धरून चोवीस गोणी वापरल्या. म्हणजे सहाशे लिटर, म्हणजे तीस कॅन, आणि वर पाणी मारायला दिवसाला आठ. आम्ही अकरा जण अंघोळीला वापरत होतो ते वेगळं, तेही त्यांनीच आणलेलं होतं, आणि आम्ही बादलीभर घेत होतो आणि म्हणत होतो की बघा आपण किती कमी पाण्यात भागवतोय.

मी तिथे पायरीवर बसून रडले. खरं तेच लिहिते. त्यातली एक आजी माझ्याजवळ आली आणि म्हणाली पोले. पोले म्हणजे तुला त्रास झाला त्याचं मला वाईट वाटतं, कुणाला ठेच लागली, कुणी दमलं, कुणाचं माणूस गेलं तरी पोले. वीस किलो डोक्यावरून उतरवून ती मला पोले म्हणत होती. तिच्या अंगावर लेसो होता, ती रंगीत कापडांची जोडी तिकडे बायका कमरेला गुंडाळतात आणि त्यांच्यावर म्हण छापलेली असते, तिच्यावरची मी नंतर सिस्टरांकडून समजून घेतली, हाबा ना हाबा हुजाझा किबाबा, थोडं थोडं करून माप भरतं. थेंबे थेंबे तळे साचे. पुढच्या तीन दिवसांत मी आणि कॉलेजची दोन मुलं त्या बायकांबरोबर पहाटे गेलो. मला डोक्यावर कॅन आणता आला नाही, मान धरली, मी दोन हातात पाच-पाच लिटरचे आणले. मुलांनी आणले पूर्ण.

रविवारची मिस्सा अडीच तासांची झाली आणि एकदाही घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. ढोल, नाचत येणाऱ्या मुली, अर्पणाच्या वेळी कुणी अंडी, कुणी मक्याचं कणीस, कुणी जिवंत कोंबडी घेऊन येतं आणि मिस्सानंतर त्यांचा लिलाव होऊन पैसे चर्चला. वाडी-वाडीचे छोटे समूह, जुमुइया, प्रत्येकाचं नाव घेऊन आभार. आपल्याकडेही समूह आहेत पण तिथे १९७० च्या दशकापासून चर्चचं सगळं कामच त्यांच्यावर उभं आहे, कुणाच्या घरी धान्य नाही हे फादरांच्या आधी जुमुइयाला कळतं. आम्ही मराठीत एक भक्तिगीत म्हटलं. फादरांनी टाक्यांना आशीर्वाद दिला, फोटो काढले, सोमवारी निघालो. काँक्रीटला पाच दिवससुद्धा झाले नव्हते.

मार्चच्या शेवटी तिथे पाऊस सुरू झाला. ग्रुपवर सिस्टरांचा मेसेज आला की पन्हळ वाहतंय, सगळे खूश, मी पण. मग तीन आठवडे काहीच नाही. मे महिन्यात एक फोटो आला, त्यात उजव्या बाजूचा चौथरा वेगळाच दिसत होता, आमचा गोल काँक्रीटचा होता आणि हा दगडाचा, जास्त रुंद. मी सिस्टरांना फोन केला. त्यांना सांगायचं नव्हतं. टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली तेव्हा दहा टन वजन आलं, खालचा भराव बसला, चौथरा एका बाजूने खचून तडकला, टाकी कलली, पाइपचा जोड तुटला आणि अर्ध्याहून जास्त पाणी वाहून गेलं. नशीब की मुलं वर्गात होती. उरलेलं पाणी कॅनमध्ये काढून घेतलं, हरांबे केली म्हणजे सगळ्यांनी वर्गणी आणि अंगमेहनत, मोबाइलवरून एमपेसाने कुणी पन्नास शिलिंग कुणी शंभर पाठवले, आणि फुंडीने मजुरी न घेता नवा चौथरा बांधला. त्याला तीन आठवडे सुकू दिलं. आम्हाला कळवलं नाही कारण आम्हाला वाईट वाटेल.

डावा चौथरा अजून शाबूत आहे. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते.

हे सगळं मी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये सांगितलं. काही जणांना पटलं नाही, म्हणाले मन चांगलं होतं ना. होतं, माझंही होतं. पण दोन्ही टाक्या मिळून वीस हजार लिटर, चारशे मुलं, प्रत्येकी दोन लिटर धरले तर पंचवीस दिवसांचं पाणी, आणि एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात जवळजवळ एक टाकी येते. अकरा जण गेलो. कामाला लागले खरं म्हणजे प्लंबर आणि दोन तगडी मुलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कामाला जायचं तर चार जणांनी जावं, ज्यांच्या हातात काम आहे, आणि परतीचं तिकीट फुंडी सांगेल त्यानंतरचं काढावं. आणि भेटीला जायचं तर भेटीलाच जावं, मावशीसारखं, नारळ खवायला, डोक्यावर हात ठेवायला, आणि त्याला मदत म्हणू नये, आपल्या घरी कुणी पाहुणे आले तर ते मदतीला आले असं आपण म्हणत नाही. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा, समुद्रापार गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, दर फेब्रुवारीत आम्ही त्याचा सण करतो. त्याच्या सणाला ह्या वर्षी मी नुकतीच परत आलेली, गर्दीत उभी होते, आणि सारखं मनात येत होतं की त्याने तिथली भाषा शिकून घेतली होती, लोक त्याला दुभाषा म्हणून नेत. आम्ही स्वाहिलीचे तीस शब्द शिकलो.

पुढच्या कामाचं बोलणं चालू आहे. कॅटेकिस्टना मी आमच्या बावखलांबद्दल सांगितलं होतं, गावोगावची ती तळी, ज्यांच्यावर आमच्या वाड्या जगल्या आणि ज्यातली कित्येक बिल्डिंगांखाली गेली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि बाकीच्यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून जे वाचवायचा प्रयत्न केला त्यात हे पाणीही होतं, तर गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं की अशी तळी आम्हाला आमच्याकडे खणता येतील का, आणि पाणी जिरून जाऊ नये म्हणून तुमचे म्हातारे काय करायचे.

मला उत्तर येत नव्हतं. मी आमच्या आळीच्या टोकाच्या एका आजोबांकडे गेले, वय चौऱ्याऐंशी, त्यांनी आयुष्यभर पानवेली केल्या आणि दर मे महिन्यात बावखलातला गाळ काढला. ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, नळ, कॅन, चौथरा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपलं बावखल जिरू नये म्हणून आपण काही करत नव्हतो बाय, आपलं बावखल खालून भरतं, आपल्याकडे पाच हात खणलं की पाणी, आपल्याला फक्त गाळ काढायचा आणि त्याला मोकळं ठेवायचं. त्यांचं वरून भरणार, ते वेगळं काम आहे, ते मला येत नाही. तू त्यांना आधी विचार, तिथे खाली पाणी किती हातांवर आहे, गोडं आहे का खारं, आणि माती मुठीत दाबली तर गोळा होतो का सुटते.

मी ते तिन्ही प्रश्न त्याच रात्री पाठवले. फुंडी माती बघून सांगणार आहे.